थोरला म्हणतो कायदेशीर करा, हे म्हणतात आत टाका

पत्र:

ताई, आमचं घर साताऱ्याचं. मिस्टर पोलीस खात्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. थोरला मुलगा तीन वर्षांपासून कॅनडात, टोरांटोजवळ नोकरीला आहे. यंदा गणपतीला आला होता. गौरी जेवल्या त्या दिवशी पंगत उठल्यावर बोलता बोलता म्हणाला, "तिकडे गांजा दुकानात मिळतो. मीही शनिवारी-रविवारी घेतो. दारूपेक्षा कितीतरी बरा. भारतातही कायदेशीर करायला पाहिजे." यांनी हातातली सुपारी खाली ठेवली आणि म्हणाले, "असल्यांना मी तीस वर्षं आत टाकलंय." तेव्हापासून बापलेकांचं बोलणं बंद. तो परत निघाला तेव्हा हे स्टँडपर्यंतही आले नाहीत. जाताना आजीला सांगून गेला, "फेब्रुवारीत लग्नाला येईन तेव्हा तुझ्या गुडघ्याला तिकडचं गांजाचं तेल आणतो." आजी वाट बघत बसल्यात. धाकटा बारावीला आहे. तो हे सगळं ऐकत होता आणि आता तोही म्हणतो, दादाचं बरोबर आहे. ताई, खरं कोणाचं? आणि धाकट्याला मी काय सांगू?

– एक आई, सातारा

उत्तर:

प्रिय ताई,

आधी तेलाचं बोलते. बाकीचा वाद वर्षभर चालला तरी चालेल, तेलाचं मात्र त्याने तिकीट काढायच्या आत मिटायला हवं. ते तेल त्याने आणायचं नाही. लहानशी बाटलीसुद्धा नाही. टोरांटोत त्याने ते रीतसर दुकानातून, पावती घेऊन घेतलेलं असेल. पण ते देशाबाहेर नेणं हा कॅनडाच्याच कायद्यात गुन्हा आहे, आणि मुंबईला उतरल्यावर तोच अमली पदार्थ आयात केल्याचा गुन्हा होतो. थायलंडने २०२२ मध्ये गांजा बंदीच्या यादीतून काढला. तेव्हापासून बँकॉकहून आलेल्या बॅगांत हायड्रोपोनिक, म्हणजे मातीशिवाय पाण्यावर वाढवलेला गांजा सापडल्याच्या बातम्या मुंबई विमानतळावरून सतत येतात. तिकडे दुकानात उघड मिळत होता, हे इथे कोणी ऐकून घेत नाही. शिवाय २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय की मिश्रण असेल तर सगळ्या मिश्रणाचं वजन धरायचं. नशेचा अंश किती, हे पाहायचं नाही. आजीच्या मायेपोटी आणलेली बाटली तुमच्या मुलाची सगळी वर्षं खाऊन टाकू शकते.

आजींना वाईट वाटेल. त्यांना सांगा की गांजाच्या झाडालाच आयुर्वेदात विजया म्हणतात आणि तिच्या पानांची परवाना असलेली औषधं आपल्याकडेही वैद्यांच्या चिठ्ठीवर मिळतात. गुडघ्याला ती लागू पडतील की नाही, ते मी सांगणार नाही. त्यांच्या चालू गोळ्या घेऊन जा, वैद्यांना आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

आता वादाकडे वळू. तुम्ही विचारलंत, खरं कोणाचं. मी बावीस वर्षं व्यसनमुक्तीच्या कामात आहे. माझं मत सरळ सांगते, ते तुमच्या घरात दोघांनाही पुरतं पटणार नाही. ओढणाऱ्याला तुरुंगात टाकू नये. आणि गांजाची दुकानंही गल्लोगल्ली उघडू नयेत.

तुमच्या मिस्टरांचं "आत टाका" मला का पटत नाही, ते एका मुलावरून सांगते. एकोणीस वर्षांचा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. टेकडीवर मित्रांबरोबर बसला असताना खिशात एक पुडी सापडली. आपल्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात, गांजाचं 'अल्प प्रमाण' एक किलोपर्यंत आहे. याच्याकडे चिमूटभरच होता. जामीन लगेच झाला, पण तारखा सुरू झाल्या. मी त्याच्या आईबरोबर कोर्टाच्या बाकावर बसले आहे. तिच्या मांडीवर कापडी पिशवीत डबा असायचा, मेथीची भाजी आणि भाकरी. सकाळी अकराला आलेलं प्रकरण कधी चारला पुकारलं जायचं, कधी पुकारलंच जायचं नाही. मुलगा समोर उभा राहून नखं खायचा. पासपोर्ट अडकला, कॅम्पसला आलेल्या कंपनीच्या फॉर्मवर "गुन्हा दाखल आहे का" या रकान्यापाशी तो थांबला. पुडी त्याने त्या महिन्यातच सोडली होती. पण पुढे तो दारूवर गेला, आणि त्यानंतर माझ्याकडे आला.

याच कायद्यात कलम ६४अ आहे. व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचारांना तयार झाला, तर सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यातून त्याला सूट मिळू शकते. त्या मुलाला हे कोणी सांगितलं नव्हतं. त्याच्या वकिलानेही नाही. मिस्टरांना विचारून बघा, नोकरीच्या तीस वर्षांत हे कलम किती जणांना वापरलेलं पाहिलं. मला त्यांच्यावर आरोप करायचा नाही. हवालदाराला जे काम सांगतात ते तो करतो.

थोरल्याला पोर्तुगाल ठाऊक असेल. नसेल तर सांगा. नव्वदच्या दशकात त्या छोट्या देशात हेरॉइनने घरंच्या घरं उद्ध्वस्त केली होती, शंभरात एक माणूस त्यात अडकला होता असं धरलं जायचं. २००१ मध्ये त्यांनी ठरवलं की दहा दिवस पुरेल एवढा माल स्वतःसाठी जवळ सापडला तर फौजदारी गुन्हा नाही. त्या माणसाला कोर्टाऐवजी एका छोट्या समितीपुढे नेतात. तिथे कायद्याचा, मानसशास्त्राचा, समाजकार्याचा माणूस असतो. ते विचारतात, तुझं काय चाललंय, घरी कोण आहे, उपचार हवेत का. विकणं मात्र तिथे अजूनही गुन्हाच आहे. म्हणजे पोर्तुगालने माल कायदेशीर केलेला नाही, माणसाला गुन्हेगार ठरवणं थांबवलं. वादात ही दोन्ही कायम एकाच पिशवीत भरली जातात आणि मग कोण कशावर बोलतंय तेच कळेनासं होतं.

अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने हेच करून पाहिलं आणि त्यांना माघार घ्यावी लागली. २०२० मध्ये मतदान झालं, २०२१ च्या फेब्रुवारीपासून कोणताही अमली पदार्थ थोडा जवळ ठेवण्याची शिक्षा म्हणजे शंभर डॉलरचा दंड, आणि उपचारांसाठीच्या फोनवर बोललं तर तोही माफ. फोन फार थोड्यांनी केले. उपचारांसाठी ठरवलेला पैसा केंद्रांपर्यंत पोचायला उशीर झाला, त्यात फेंटानिल या जीवघेण्या नशेची लाट आली. २०२४ च्या सप्टेंबरपासून तिथे ते पुन्हा गुन्ह्यात मोडतं. आपल्याकडे कोणी उद्या उठून "शिक्षा काढा" म्हणालं तर माझा पहिला प्रश्न असेल, जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात व्यसनावर उपचार करणारे मानसोपचारतज्ज्ञ किती आहेत? शिक्षा काढायच्या आधी ती सोय उभी राहायला हवी.

आता थोरल्याचं म्हणणं, दुकान हवं. चार वर्षांपूर्वी मी बहिणीकडे टोरांटोला गेले होते, तेव्हा मुद्दाम असं एक दुकान पाहिलं. बाहेरून काचा झाकलेल्या, आत चष्म्याच्या दुकानासारखं लख्ख. दारातच ओळखपत्र पाहिलं, माझे पांढरे केस दिसत असूनही. टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारिओत वय १९ लागतं. प्रत्येक पाकिटावर नशेच्या घटकाचं प्रमाण छापलेलं, आरोग्याचा इशारा ठळक, डबी मुलांना उघडता येणार नाही अशी. काउंटरवरच्या मुलीने मला विचारलं, "झोपेसाठी हवंय की सांध्यांसाठी?" मी बाहेर येऊन थोडा वेळ फुटपाथवर उभी राहिले. माझ्याकडे येणारी पोरं ज्याच्याकडून पुडी घेतात, त्याच्या पुडीत बूट पॉलिश आहे की गोळ्यांची पूड, हे त्यालाही ठाऊक नसतं. इथे निदान माणसाला कळत होतं की आपण काय घेतोय. हा फरक लहान नाही, आणि तुमचा मुलगा म्हणतो त्यातलं एवढं मला मान्य आहे. कॅनडाने १७ ऑक्टोबर २०१८ ला हा कायदा लागू केला. त्यानंतर पोरासोरांना पुडीपायी अटक होणं खूपच कमी झालं आणि बहुतेक गिऱ्हाईक चोरबाजार सोडून दुकानात आलं.

पण ते काउंटरवरचं वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. झोपेसाठी की सांध्यांसाठी. विकणाऱ्याला विकायचं असतं, आणि खाजगी दुकानं एकमेकांच्या शेजारी उघडली की ती विकण्यासाठी नवी नवी कारणं शोधतात. गांजाच्या गोळ्या, चॉकलेटं बाजारात आल्यावर ऑन्टारिओत लहान मुलांनी ती खाऊ समजून खाल्ल्याचे, दवाखान्यात भरती व्हावं लागल्याचे प्रकार वाढले. शेजारच्या क्युबेकने वेगळा रस्ता धरला. तिथे दुकानं सरकारी, खाऊसारखे पदार्थ विकत नाहीत, आणि २०२० पासून वय २१ केलंय. थोरल्याला विचारा, "कायदेशीर" म्हणजे त्याला यातलं नेमकं काय हवंय? जर्मनीने तर २०२४ मध्ये घरात तीन झाडं आणि सभासदांच्या मंडळांना परवानगी दिली, दुकानं उघडलीच नाहीत. एका शब्दाखाली किती निरनिराळ्या गोष्टी येतात, हे वाद घालणाऱ्याने पाहायला हवं.

आणि आपल्याला कॅनडापर्यंत जायची गरजही नाही, दारू आपल्या घरातच आहे. मुंबई इलाख्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, हातभट्टी फोफावली. तुमच्या मिस्टरांनी जंगलात, ओढ्याकाठी रसायनाची पिंपं फोडली असतील. २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं मेली. हा बंदीच्या नाहीतर चोरट्या धंद्याचा चेहरा. दुसरीकडे गडचिरोलीच्या बायाबापड्यांनी लढून १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी आणली, कारण परवान्याच्या दुकानातून निघालेला नवरा घरी येऊन काय करतो हे त्यांनी अंगावर सोसलं होतं. चंद्रपूरला २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. महसुलाची चणचण आणि अवैध विक्री, दोन्ही कारणं पुढे केली गेली. एकदा परवाना दिला की तिजोरीला त्या पैशाची सवय लागते. मग ते दुकान हलवायचं म्हटलं तर गावातल्या बायकांना मतदान घ्यावं लागतं, तेही सगळ्या नियमांतून पार पडलं तर.

"दारूपेक्षा बरा" या वाक्याचंही असंच आहे. २०१९ मध्ये केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीत देशातले १० ते ७५ वयाचे १४.६ टक्के लोक दारू घेणारे निघाले. गांजा-चरस ओढणारे १.२ टक्के, भांग धरली तर २.८. दारूने गांजापेक्षा जास्त घरं बुडवली, हे मी रोज बघते. पण दारू उघड्यावर, परवान्याने, जाहिरातीच्या आडवाटेने विकली जाते, हेही त्याचं कारण आहे. गांजाला त्याच रांगेत नेऊन बसवायचं असेल तर आकडा १.२ वर राहणार नाही.

आपल्या मातीत गांजा नवा नाही, हे थोरला म्हणेल आणि ते बरोबर आहे. त्र्यंबकला साधूंच्या हातात चिलीम असतेच. इंग्रजांनी १८९३-९४ मध्ये मोठा आयोग नेमला, अकराशेहून जास्त साक्षी घेतल्या आणि निष्कर्ष काढला की सरसकट बंदी नको, माफक सेवनाने फारसं बिघडत नाही, अतिसेवनाने बिघडतं. आपल्या १९८५ च्या कायद्यातही गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची सरकारमान्य दुकानं आहेत. पण आयोगाने पाहिलेला गांजा आणि आजचा गांजा एक नाही. अमेरिकेत जप्त मालाची तपासणी वर्षानुवर्षं करतात. १९९५ च्या सुमाराला नशेच्या घटकाचं प्रमाण चार टक्के असायचं, २०१४ पर्यंत बारा झालं. बंद खोलीत दिव्याखाली वाढवलेला त्याहून कडक असतो. रोज असा कडक माल ओढणाऱ्यांत भास, संशय, वेड लागण्याचा धोका कितीतरी वाढतो, हे युरोपातल्या संशोधनातून पुन्हा पुन्हा दिसलंय.

इथे मी धाकट्यावर येते. मला खरी काळजी त्याची आहे.

गांजा कधीतरी घेतलेल्यांत साधारण दहातल्या एकाला त्याची चटक लागते. पण कोवळ्या वयात, अठराच्या आत सुरू केलं तर ते सहातल्या एकावर येतं. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते. कॅनडातही सतरा वर्षांच्या मुलाला कोणी दुकानात उभं करत नाही. म्हणजे दादाचं मत शंभर टक्के बरोबर धरलं, तरी ते धाकट्याला लागू होत नाही. हे वाक्य त्याला दादाच्या तोंडून ऐकायला मिळालं तर फार बरं होईल. थोरल्याला तेवढं सांगा, तो नाही म्हणणार नाही.

दुसरं, साताऱ्याच्या कॉलेजच्या गेटबाहेर धाकट्याला गांजा विकणारा माणूस फक्त गांजा विकत नाही. त्याच्याकडे एमडी असते. मेफेड्रोन. ही पावडर २०१५ मध्ये एनडीपीएसच्या यादीत आली, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत पुणे पोलिसांनी कुरकुंभच्या कारखान्यातून ती शेकडो किलोंनी उचलली. कुरकुंभ तुमच्यापासून काही लांब नाही. ऐंशीच्या दशकात पुण्या-मुंबईत गर्द, म्हणजे हेरॉइनची भुकटी आली तेव्हा पहिली पुडी फुकट मिळायची असं माझ्या वयाची माणसं सांगतात. त्या लाटेतूनच १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं. आज एमडीवर आलेली मुलं मी पाहते. तीन तीन रात्री झोपलेली नसतात, दात कराकरा वाजवतात, खिडकीबाहेर कोणी आहे म्हणून पडदा सोडत नाहीत.

धाकट्याशी बोलताना समोर बसवून बोलू नका. गाडीवर मागे बसा, क्लासला सोडायला जा, आणि विचारा, "तुमच्या कॉलेजात काय काय मिळतं रे?" एवढंच. मग गप्प बसा. पहिल्या दिवशी तो "काही नाही" म्हणेल. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणा मित्राचं सांगेल. तेव्हा त्या मित्राच्या आईला फोन करायला धावू नका, नाहीतर पुन्हा तो कधीच काही सांगणार नाही. अभ्यास घसरला, पैसे घरातून जायला लागले, मित्र एकदम बदलले, रात्र रात्र जागायला लागला तर वाट बघू नका. १४४४६ ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, नाव सांगावं लागत नाही.

थोरल्याचं "शनिवार-रविवार" मी आत्ता तरी खरं मानते. तुम्हीही माना. पण दोन प्रश्न विचारा. शनिवार गेला आणि मिळालं नाही तर चिडचिड होते का? आणि ओढून गाडी चालवतोस का? दुसरा प्रश्न परदेशात राहणाऱ्या मुलाला विचारायलाच हवा. नशेत गाडी चालवणं हा २०१८ च्या डिसेंबरपासून कॅनडात दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे आणि परक्या नागरिकाचा तिथला मुक्काम त्यावरून संपू शकतो. पुडी चालते म्हणून सगळंच चालतं, असं तिथेही नाही.

राहिले हे. ताई, तीस वर्षं ज्याने असले पंचनामे केले त्याच्या पोटच्या पोराने गौरीच्या दिवशी घरात "मी घेतो" म्हणावं, याचा त्यांना किती धसका बसला असेल. त्यांचा राग मला भीतीच वाटते. त्यांनी लॉकअपमध्ये पोरं पाहिली आहेत, आणि त्या जागी त्यांना आपला मुलगा दिसला असणार. हे ते कधी बोलून दाखवणार नाहीत. तुम्ही मुलाला सांगा.

येत्या रविवारी रात्री आठला फोन लावा, तिकडे सकाळचे साडेदहा झालेले असतील. आधी तुम्ही बोला, तेलाचं सांगा, आजींनाही जवळ बसवा म्हणजे तो हट्ट करणार नाही. मग थोरल्याने बाबांना एकच विचारावं, "तुम्ही पकडलेल्यांत विकणारे मोठे किती होते आणि ओढणारी पोरं किती होती?" उत्तर द्यायला त्यांना वेळ लागेल. फोन स्पीकरवर ठेवा आणि धाकट्याला उठून जाऊ देऊ नका.

तुमची,
ताई